तीन वार : जुनी हत्यारे, लाकूड आणि लिलाव



कै. गुरुजींच्या स्मरणार्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. पत्र आले तेव्हा चिटणिसांची अपेक्षा अशी होती की मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलावे. तेच माझ्या अध्यापनाचे विषय होते. परंतु ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी या शाळेत तीस वर्षे सुतारकाम शिकवीत होते. त्यांच्या तसबिरीसमोर उभे राहून ज्ञानेश्वरीवर बोलणे सोपे होते. पण मला त्यांचे एक देणे द्यायचे आहे, आणि ते त्यांच्याच विषयात दिले पाहिजे असे वाटले. म्हणून आजचा विषय जुन्या हत्यारांच्या आणि लाकडाच्या लिलावाचा आहे. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

प्रारंभ शब्दापासून करतो. ती माझी खोड आहे. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परका आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तो पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला. घराची ‘चावी’ आणि दाराची ‘बिजागरी’ हीही त्याच वाटेने आली. आपल्या शेजारच्या गोव्यात सुताराला ‘मेस्त’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘मेस्त्र’ म्हणजे उस्ताद या शब्दाचा अवतार. लिलावाला आपल्याकडे आणखी एक जुना शब्द होता, ‘हर्रास’. तो अरबीतून आला. जुन्या सरकारी कागदांत ‘हर्रास करणे’ असा प्रयोग आढळतो आणि हैदराबादेकडे ‘हर्राज’ म्हणून तो आजही ओळखीचा आहे. सुताराचा ‘रंधा’ फारसी, ‘करवत’ मात्र संस्कृत ‘करपत्रा’ची लेक. म्हणजे सुताराच्या एका पेटीत चार मुलखांचे शब्द गुण्यागोविंदाने नांदत असतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाड्या’त बलुतेदारांचे जे चित्र काढले आहे, त्यात सुतार मानाच्या जागी आहे, कारण कुणब्याचा नांगर त्याच्या हातावर चालत असे.

आता त्या देण्याविषयी सांगतो.

आपल्या शाळेत सुतारकामाचे दालन होते, हे येथील पन्नाशीच्या आतील मंडळींना ठाऊक नसेल. आज जेथे विज्ञानाची प्रयोगशाळा आहे, तेथे ते होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला आणि त्याचे वारे मुंबई इलाख्यातील पुष्कळ शाळांपर्यंत पोहोचले. बेळगाव १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होते. आमच्या वेळी, म्हणजे साठीच्या दशकात, दालनात बारा बाके होती, प्रत्येक बाकाला एक शेगडा होता आणि भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगात रेखलेली होती. तास संपला की हत्यार आपल्या आकृतीवर जाऊन बसले पाहिजे, असा दंडक होता. एखादी पटाशी जागेवर नसली तर गुरुजी ओरडत नसत. ते दाराशी उभे राहत आणि पटाशी सापडेपर्यंत कोणालाही बाहेर सोडीत नसत.

पुढे विषयाला गुण उरले नाहीत. गुरुजी १९८५ साली निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. १९८९ साली संस्थेला प्रयोगशाळेसाठी जागा हवी होती. दालनातील सामानाची विल्हेवाट लावण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. मी त्या समितीचा सभासद होतो. ठराव मराठीत नीट लिहिला जावा म्हणून तो लिहिण्याचे काम साहजिकच मराठीच्या प्राध्यापकाकडे आले. मी लिहिले : ‘सुतारकाम विभागातील जुने व निरुपयोगी सामान लिलावाने विकण्यात यावे.’ वाक्य शुद्ध होते. सर्वांनी सह्या केल्या. कोणीही पेटी उघडून पाहिली नाही.

लिलाव शाळेच्या आवारात, पिंपळाखाली झाला. सामानाचे तीन ढीग केले होते : बाके, लोखंडी सामान आणि हत्यारांच्या पेट्या. तीन भंगारवाले आले होते. ते आपसांत हळू बोलत होते, आणि बोली मात्र एकच जण बोलत होता. आज मला ठाऊक आहे की याला आपसांत ठरवून भाव पाडणे म्हणतात; माल एकाने घ्यायचा आणि मागाहून तिघांनी वाटायचा. अशा वेळी विक्रेत्याच्या हाती एकच उपाय असतो, तो म्हणजे आधी किमान किंमत जाहीर करणे. आम्ही ती ठरवली नव्हती. पेट्यांची बोली दीडशे रुपयांवर थांबली. शिपाई ‘एक वार, दोन वार’ म्हणाला आणि मागून आवाज आला, ‘दोनशे.’ पांढरा सदरा, काळी टोपी, हातात कापडी पिशवी घेऊन गुरुजी उभे होते. भंगारवाल्याने चढवले, गुरुजींनी चढवले. चारशे पंचवीस रुपयांवर ‘तीन वार’ झाले. त्या काळी निवृत्त शिक्षकाला ती रक्कम लहान नव्हती. मी पुढे झालो नाही. खुर्चीवर बसून राहिलो.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर पेटी उघडून बसले होते. मी काही बोलण्याच्या आत ते म्हणाले, ‘अरे, तू मराठीचा प्राध्यापक ना? निरुपयोगी लिहिलंस. कुणाला निरुपयोगी, ते लिहायचं राहिलं.’

मी म्हणालो, ‘गुरुजी, चुकलो.’

‘बस इथं. आधी काय विकलंत ते बघ, मग चुकलास का ते ठरव.’

त्या दिवसापासून पुढे दहाबारा वर्षे मी त्यांचा दुसऱ्यांदा विद्यार्थी झालो. त्यांनी मला जे शिकवले ते आज आपणापुढे ठेवतो, कारण ते त्यांच्यासोबत जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

पहिला धडा रंध्याचा. पेटीत लोखंडी रंधे होते. अशा रंध्याची रचना अमेरिकेतील लेनर्ड बेली या कारागिराच्या एकस्वांवर उभी आहे. १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने ते हक्क घेतले आणि पुढे जगभर तोच घाट रूढ झाला. शेफील्डचे रंधेही त्याच घाटाचे. क्रमांक ४ हा सफाईचा, सुमारे साडेनऊ इंचांचा. क्रमांक ५ चौदा इंचांचा आणि क्रमांक ७ बावीस इंचांचा, लांब फळीची कड सरळ करण्यासाठी. जुना रंधा घेताना गुरुजी गंजाकडे प्रथम पाहतच नसत. वरवरचा तांबूस गंज तेलाने आणि कागदाने निघतो. ते रंधा उलटा करून तळ पाहत, कारण तळ बिडाचा असतो आणि बीड पडले की तडकते. तोंडाच्या कोपऱ्याशी केसाएवढी चीर असली तरी तो रंधा टाकाऊ. मग तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहायचे. मधून उजेड दिसला तर तळ खोल आहे, आणि थोडा असेल तर काचेवर कागद ठेवून घासता येतो. नंतर पाते काढून पाहायचे की वरच्या खाचेच्या खाली किती पोलाद उरले आहे. मूठ लाकडाची, ती तुटली तर नवी करता येते. म्हणजे नजरेला जे आधी खुपते, गंज आणि तुटकी मूठ, ते दुरुस्त होणारे. आणि जे दिसत नाही तेच असाध्य.

दुसरा धडा पटाशीचा. पटाशीची सपाट पाठ तिचा प्राण होय. पाठीवर धारेजवळ गंजाने खोल खड्डे पडले असतील तर कितीही पाजळली तरी धार दातेरी येते. पात्यावर निळसर छटा दिसली तर समजावे की कोणीतरी चाकावर घाईने घासताना ते तापवले आहे. तेथले पोलाद मऊ पडलेले असते आणि तेवढा भाग घासून टाकावा लागतो. जुन्या पटाशीच्या उतारावर नीट पाहिले तर काही वेळा एक बारीक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूला मऊ लोखंड आणि दुसऱ्या बाजूला कठीण पोलाद, असे दोन थर भट्टीत एकजीव केलेले असतात. गुरुजी ती रेघ नखाने दाखवत आणि म्हणत, ‘मऊपणा पाठीशी असतो म्हणून कठीणपणा टिकतो.’

तिसरा करवतीचा. करवत डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून कडेने पाहावी. दात झिजलेले असले तर कानशीने पुन्हा करता येतात, दातांना एकाआड एक कल पुन्हा देता येतो. पण पात्याला एकदा मुरड पडली की ती काढणारा कारागीर आता शोधून मिळत नाही.

हे झाले हत्यारांचे. लाकडाचा धडा मी दांडेलीला घेतला. १९९१ साली मी घर बांधायला काढले आणि दारांसाठी साग हवा होता. गुरुजी म्हणाले, ‘वखारीत जाऊन चौपट भाव देण्यापेक्षा आगारावर चल.’ वन विभागाच्या आगारावर ओंडके रांगेने ढीग करून लावलेले असतात. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक आणि विभागाच्या हातोड्याचा ठसा असतो. प्रत्येक ढिगाचा लॉट क्रमांक, ओंडक्यांची संख्या, लांबी, घेर आणि घनमाप यादीत दिलेले असते. लिलावापूर्वी माल पाहण्यासाठी दिवस ठरवलेले असतात. बोली बोलायची तर आधी अनामत भरावी लागते. बोली संपली म्हणजे माल आपला झाला असेही नसते. वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी लागते, वर कर लागतात, मुदतीत माल उचलला नाही तर जागेचे भाडे पडते, आणि वाहतुकीचा परवाना नसेल तर रस्त्यात गाडी अडते. एवढा सारा खर्च मनात जमेस धरून बोलीचा आकडा ठरवायचा. गुरुजी तो आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून घडी करून खिशात ठेवत. लिलावात रक्त तापते. घडी केलेला कागद तापत नाही.

घनमापाचा हिशेब मला तेव्हा प्रथम कळला. गोल ओंडक्याच्या मधोमध दोरीने घेर घ्यायचा, त्याची चौथाई करायची, चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली या रीतीची कोष्टके छापली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. समजा घेर चार फूट आणि लांबी दहा फूट. चौथाई घेर एक फूट, म्हणून माप दहा घनफूट. पण भूमितीने काढले तर त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. मी म्हणालो, ‘म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदाच की!’ गुरुजी हसले. ‘अडीच-पावणेतीन घनफूट म्हणजे सालीची लपकी आणि भुसा. ते तुला कापून टाकायचंच आहे. माप करणाऱ्याला सुताराचं दुःख माहीत होतं.’ चौथाई घेराचे माप खऱ्या घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्के येते. खरेदी करताना आपल्याला कोणत्या रीतीचे माप दिले आहे हे विचारलेच पाहिजे, नाहीतर दोन ठिकाणच्या भावांची तुलना फसवी ठरते.

त्या दिवशी माझे मन एका लांब, सरळसोट ओंडक्यावर बसले. गुरुजींनी कुऱ्हाडीच्या पाठीने त्याच्या टोकावर ठोकले आणि कान लावला. आवाज घुमला. ‘आत पोकळ आहे,’ ते म्हणाले, आणि पुढे गेले. शेवटी त्यांनी घेतला तो आखूड, थोड्या वाकड्या ओंडक्यांचा लॉट. मी नाराज झालो. ते म्हणाले, ‘दाराच्या दिलह्या दोन फुटांच्या. सहा फुटांचा सरळ साग घेऊन त्याचे तुकडे करायचे, की तुकड्यांच्या भावाने तुकडे घ्यायचे?’ टोकांच्या चिरा किती आत गेल्या आहेत, गाठी जिवंत आहेत की सुटलेल्या, सालीलगतचे पांढरे लाकूड किती आणि गाभा किती, हे सारे पाहून त्यांनी तो निवडला होता. कापलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशा रचल्या. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा सुकवणीचा जुना आडाखा. माझी दारे दोन वर्षे उशिरा झाली. आज तीस वर्षांनंतर ती बेळगावच्या पावसात अडत नाहीत.

शहाणपण मात्र उसने टिकत नाही. १९९४ साली गुरुजींना न विचारता मी एका मोडलेल्या वाड्याच्या लाकडाची बोली बोललो. जुन्या तुळया आणि वासे म्हणजे पन्नास-शंभर वर्षे सुकलेले लाकूड. ते आकसत नाही, पिळत नाही, हे मी ऐकले होते. वरच्या चार तुळया सागाच्या होत्या, त्यांना भुलून सबंध ढीग घेतला. खालचे लाकूड हलके निघाले. निम्म्याला वाळवीने आतून पोखरले होते. उरलेल्या सागात मोडके खिळे होते. गिरणीवाल्याच्या करवतीचे दात गेले आणि त्याची भरपाई मी केली. गुरुजींनी ते ऐकले आणि खिशातून लहानसे लोहचुंबक काढून दिले. ‘जुन्या लाकडावरून हे आधी फिरवायचं. आणि ढिगाची किंमत नेहमी खालून वर मोजायची.’

या बाबतीत कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे. १९३०च्या मालविक्री अधिनियमाचे चौसष्टावे कलम लिलावासंबंधी आहे. प्रत्येक लॉट हा सामान्यतः स्वतंत्र करार होय. हातोडा पडला, किंवा रूढीप्रमाणे ‘तीन वार’ झाले, की विक्री पुरी होते. तोवर बोली बोलणाऱ्याला ती मागे घेता येते. सरकारी लिलावांच्या अटी मात्र निराळ्या असतात, त्या आधी वाचाव्या. विक्रेत्याने किमान किंमत ठेवता येते. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या असतील तर खरेदीदाराला ती विक्री रद्द करता येते. पण स्वतः न पाहिल्याचा दोष स्वतःचाच. कायद्याच्या पाठीमागे गुरुजींचेच सूत्र आहे : आधी पाहा, मग बोला.

काळ बदलला आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. मंजूर कार्ययोजनेशिवाय तोड करता येत नाही. ते योग्यच झाले. सागाचे मोठे झाड पुन्हा उभे राहायला दोन पिढ्या जातात. अनेक राज्यांतील वन विभागांचे लिलाव आता संगणकावरून होतात. घरी बसून बोली लागते आणि भाव पाडणाऱ्या टोळक्याला थोडा पायबंद बसतो. परंतु छायाचित्राला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकता येत नाही. आणि जंगलातून नवे लाकूड कमी यावे असे आपल्याला वाटत असेल, तर मोडलेल्या घरांतील जुने लाकूड आणि अडगळीतली जुनी हत्यारे यांना पुन्हा कामाला लावणे हा त्यावरचा एक साधा उपाय आहे.

मित्रहो, आता शेवटाकडे येतो. गुरुजी २००१ साली गेले. चारशे पंचवीस रुपयांची ती पेटी त्यांनी कधी कुलूपबंद ठेवली नव्हती. गल्लीतली दोनचार मुले तिच्यावर शिकली. त्यांपैकी एकाचा आज स्वतःचा कारखाना आहे, आणि तो या सभागृहात बसला आहे. गुरुजींच्या पश्चात त्यांच्या मुलाने पेटी मला दिली. त्यातला क्रमांक ५चा रंधा मी आज सोबत आणला आहे. त्याच्या मुठीवर चाकूने कोरलेला ‘७’ हा आकडा आहे. सातवे बाक माझे होते. जो रंधा मी चौदाव्या वर्षी हाताळला, त्यालाच एकोणचाळिसाव्या वर्षी मी निरुपयोगी ठरवले.

म्हणून संस्थेपुढे माझ्या दोन प्रार्थना आहेत. पहिली अशी की, शाळेचे कोणतेही सामान, मग ते प्रयोगशाळेचे असो, वाद्ये असोत की ग्रंथालयातील जुनी पुस्तके असोत, लिलावात काढण्यापूर्वी त्याची नगावार यादी करावी, ती वस्तू वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी, माजी विद्यार्थ्यांना कळवावी आणि किमान किंमत ठेवावी. यासाठी पैसा लागत नाही. एक दुपार लागते. ती दुपार आम्ही पाच जणांनी दिली नव्हती. आपणा सर्वांच्या घरीही वडिलांची, आजोबांची एखादी पेटी असेल. ती भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी.

दुसरी प्रार्थना अशी की, ही पेटी शाळेने परत घ्यावी. काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. कारखानदार झालेल्या गुरुजींच्या त्या विद्यार्थ्याने दर शनिवारी दोन तास मुलांना शिकवण्याचे मान्य केले आहे. त्याला एक बाक आणि एक शेगडा मिळावा. पाती मी परवाच निसण्यावर पाजळून घेतली आहेत.

आणि १९८९च्या ठरावात, माझ्या अक्षरात, ‘निरुपयोगी’ असा जो शब्द आहे तो मी या सभेसमक्ष मागे घेतो. कायद्याने तीन वार झाल्यावर बोली मागे घेता येत नाही. शब्द मागे घेता येतो, असे मी मानतो. उशीर फार झाला आहे. पण गुरुजी दाराशी उभे आहेत आणि पटाशी जागेवर गेल्याशिवाय ते मला बाहेर सोडणार नाहीत.